दोघींचा टॅब

शाळेतल्या टॅबनं आमच्या टिल्लीला ढ ठरवलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीतली पोर, रस्त्यानं जाताना दुकानाची एक पाटी वाचायची सोडत नाही. पण वाचनाच्या ॲपमध्ये तिच्या नावापुढे कायम लाल ठिपका. पान उलटायला फार वेळ लावते म्हणे. मुख्याध्यापक बाईंनी बोलावून सांगितलं, "असंच राहिलं तर तिला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल."

त्याच आठवड्यात ॲप बनवणाऱ्यांकडून एक संशोधक मुलगी आली. टिल्लीशेजारी बसून ती कशी वाचते ते बघायचंय म्हणाली.

"माझी पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे?" मी फाडकन विचारलं.

"चूक आमच्या ॲपची असावी असं वाटतंय, ताई. तुम्हीही या ना बघायला."

मग काय, दुपारी पार्लर बंद ठेवून मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला टेकत होते. टॅब कमी, म्हणून दोघांत एक. जो टॅब उघडेल त्याच्या नावावर सगळी नोंद. आमच्या शहाणीला प्रत्येक गोष्टीत पहिला हात घालायची खोड, त्यामुळे नाव नेहमी हिचंच. शेजारी तिची मैत्रीण, अगदी अबोल.

टिल्लीनं पान वाचलं आणि मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत बसली. मैत्रीण बोट फिरवत, ओठ हलवत वाचत होती. एका शब्दाशी ती अडली, तशी टिल्ली तिच्या कानात कुजबुजली. मैत्रिणीनं मान डोलावली तेव्हा कुठे पान उलटलं.

"तुझं तर कधीच झालं होतं. मग थांबलीस का?" संशोधक मुलीनं विचारलं.

"तिचं व्हायचं होतं," टिल्ली म्हणाली. एवढंही कसं कळत नाही, असा चेहरा करून.

तिला वेगळा टॅब दिला, तर पोरीनं सगळा धडा घडाघडा वाचला. बघायला आलेल्या मुख्याध्यापक बाईंनी तिला तिसरीत घालायचं तिथंच कबूल केलं. माझा जीव भांड्यात पडला. पण संशोधक मुलगी उठली नाही. तिनं मैत्रिणीला एकटीला वाचायला सांगितलं. मैत्रिणीनं हळूहळू, पण अख्खं पान वाचलं.

"हिला तर अक्षरंसुद्धा येत नव्हती," वर्गशिक्षिका चकित होऊन म्हणाल्या. "कुणी शिकवलं गं तुला?"

मैत्रिणीनं टिल्लीकडे बोट दाखवलं.

"हाच वेळ आम्ही वाया गेलेला म्हणून मोजत होतो," संशोधक मुलगी म्हणाली. "आता दोघींची नावं घालायची सोय करते. आणि हे थांबणंही मोजू, पण शिकण्यात."

भांडायला माझी जीभ कशी चुरूचुरू चालते, आभार मानायची वेळ आली की मात्र टाळूला चिकटते. मी तिचे दोन्ही हात धरले आणि एवढंच म्हणू शकले, "पोरी, तू शेजारी बसली नसतीस तर माझी लेक मलाच कळली नसती."