भावसिंगची चुंबकाची मोटार

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर भावसिंग राठोड याच्या तांड्यावर अजून वीज आली नव्हती. बिजली म्हणावी तर घरात एक बायको, बिजलीबाई. तिच्या तोंडापुढे भल्याभल्यांचे दिवे विझत. भावसिंगनं खूळ घेतलं, की तेल नको, वीज नको, नुसत्या लोहचुंबकावर फिरणारी मोटार करायची. लाऊडस्पीकरच्या फुटक्या भोंग्यांतली चुंबकं त्यानं जमवली आणि दोन वर्षं सुटीच्या दिवशी सायकलच्या चाकाला तारेनं बांधत बसला. चाक पाऊण फेरा घ्यायचं अन् हेल्यासारखं अडायचं.

"काहून अटकते थे?" बिजलीबाईनं विचारलं.

"जे चुंबक पुढं वढते, थेच मांगंही वढते."

"मंग थे मोटार नाही, तुमचा मोठा भाऊ होय. थोही असाच दोन्हीकडून वढते."

भावसिंगला ते मनातून पटलं. मोटार मोडायचं त्यानं ठरवलंही होतं. पण १९६३ च्या हिवाळ्यात पंचायत समितीचे एक साहेब तांड्यावर आले. दारव्ह्याच्या शेतकी प्रदर्शनात त्यांना 'ग्रामीण संशोधन' असा मांडव भरायचा होता, आणि तालुक्यात संशोधन सापडत नव्हतं.

"साहेब, थे फिरत नाही," भावसिंगनं हात जोडले.

"फिरेल हो! मोठे साहेब जवळ आले की हळूच ढकला."

मोठे साहेब आले. भावसिंगनं कोपरानं ढकललं. अर्धा फेरा पाहून साहेब शेजारच्या मांडवातल्या भोपळ्याकडे वळले. पहिलं बक्षीस मोटारीला मिळालं. बक्षीस घेताना भावसिंग माईकसमोरच बोलला, "साहेब, थे मीच ढकललं."

"किती हा विनय!" मोठे साहेब म्हणाले. टाळ्या दुप्पट झाल्या.

महिनाभरानं पंचायत समितीचा हुकूम आला: पाच गावच्या विहिरींसाठी पाच मोटारी करून द्याव्यात. भावसिंगनं तो बिजलीबाईला वाचून दाखवला.

"लिहा," बिजलीबाई म्हणाली, "का एकेका मोटारीमांगं एक ढकलणारा मानूस लागते. मंग समजते त्याइले."

त्यानं तसंच लिहिलं. उत्तर लगेच आलं. ढकलणाऱ्यांच्या पाच जागा मंजूर झाल्या होत्या.

पाचही माणसं नेमली गेली. मोटार एकही झाली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. भावसिंग कचेरीवरून जाताना ती पाचजणं उन्हात बसलेली दिसत. ती त्याला अदबीनं रामराम घालत, आणि तो मान खाली घालून भरभर निघून जाई.