बाजू न बदलण्याची मॅच

आमच्या वस्तीचा जागतिक न्याय दिवस म्हणजे दर वर्षीची एक सामुदायिक झोप होती. वाचनालयाच्या हॉलमध्ये पडदे ओढले जायचे. वस्तीच्या अध्यक्ष काकू पांढऱ्या भिंतीवर तक्ते दाखवायच्या, त्यात श्रीमंत देशांचा खांब उंच आणि गरीब देशांचा बुटका. समोर सगळे माना डोलवायचे, पण त्या पटल्यामुळे डोलत नव्हत्या. मग दिवे, टाळ्या, चहा, बिस्किटं, आणि जगातला अन्याय पुढच्या वर्षापर्यंत कपाटात बंद.

यंदा तयारीच्या सभेत मी हात वर केला. वाचायला साधं वाटतं, पण मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली पडायचा आणि बाई मला गैरहजर लावायच्या. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी जिंकले. तेव्हापासून, आईच्या शब्दांत, घरातल्या रेडिओचं बंद करायचं बटण हरवलंय.

"काकू, सांगायचं कशाला? खेळून दाखवू या," मी म्हणाले. "अन्यायाची फुटबॉल मॅच!"

आमचं मैदान उतरतं आहे, वाचनालयाच्या भिंतीपासून थेट ओढ्याकडे. म्हणून मध्यंतराला बाजू बदलणं आमच्याकडे फार गंभीरपणे घेतात. माझ्या मॅचमध्ये बाजू बदलायचीच नाही. 'वरचे' कायम उताराने धावणार आणि त्यांचा गोल इवलासा. 'खालचे' कायम चढावर धापा टाकणार आणि त्यांचा गोल बसच्या गॅरेजएवढा. खालच्यांनी गोल केलाच, तर वरच्यांच्या कॅप्टनने मंजुरी दिली तरच तो धरायचा. कुठलाही नियम बदलायचा असेल तरी वरच्यांची मंजुरी हवी. आणि रेफरी? तोही वरच्यांच्याच बाजूचा.

काकूंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "लोक पोट धरून हसतील आणि घरी जातील. डोक्यात काय शिरणार त्यांच्या?"

"शिरेल!"

"शिरलं, तर हा दिवस पुढच्या वर्षीही तुम्हा मुलांचा. नाही शिरलं, तर माझे तक्ते आहेतच."

आता सगळं अडलं होतं एका माणसावर. वस्तीत रेफरी एकच, आणि तो माझा बाबा.

बाबाचं चष्म्याचं दुकान आहे. एरवी चुकीच्या फाउलवर लोक रेफरीला आंधळा म्हणतात. आमच्याकडे ओरडतात, "अहो, स्वतःच्या दुकानात एकदा बसा की खुर्चीवर!" पण हे ओरडणाऱ्यांनाही माहीत असतं की बाबाची शिट्टी चुकत नाही. मी बालवाडीत असताना त्याने माझ्याच टीमविरुद्ध पेनल्टी दिली होती. मी रडले, तर त्याने आधी माझं नाक पुसलं आणि मग समोरच्यांना पेनल्टी मारायला लावली.

मी दुकानात गेले तेव्हा तो एका आजोबांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होता. "हे बरं दिसतं, की हे?"

"बाबा, रविवारी तुला पक्षपात करायचाय."

आजोबा खुर्चीत वळून बघायला लागले. बाबाने हलकेच त्यांचं डोकं सरळ केलं. "हे, की हे? तू काय म्हणालीस?"

मी सगळं समजावलं. "म्हणजे फाउल दिसला तरी 'दिसला नाही' म्हणायचं, एवढंच!"

"एवढंच?" बाबाने भिंग पुसायला घेतलं. ते आधीच लख्ख होतं. "चष्म्याच्या दुकानदाराने सगळ्या वस्तीसमोर 'मला दिसलं नाही' म्हणायचं? सोमवारी दुकानात कोण येणार गं, ओढ्यातले बेडूक?"

"खोटं खोटंच आहे ना. खऱ्या न्यायासाठी."

"शिट्टी खोटी नसते."

"बरं, तू नाही म्हणालास तर काकू परत तक्ते लावणार आहेत. पडदे ओढून. आणि ही फसलेली कल्पना तुझ्या मुलीची होती, ते सगळ्यांना आठवणार."

खुर्चीतले आजोबाच म्हणाले, "हो म्हणा हो. मागच्या वर्षी माझी मान आखडली होती."

"बघतो," बाबा म्हणाला. आमच्या घरात याचा अर्थ 'हो, पण मला त्रास होणार आहे' असा होतो.

मग घरी सराव. आई आणि मी सापशिडी मांडली, बाबा पंच. ठरलं असं की मी एक घर जास्त सरकायचं आणि त्याने ते न बघितल्यासारखं करायचं. मी सरकले. बाबा छताकडे बघायला लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. "पाणी पिऊन येतो," म्हणून तो आत गेला आणि स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "चार पडले होते, पाच घरं गेलीस!"

आई म्हणाली, "या माणसाकडून अन्याय करून घ्यायचा म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे."

रविवारी मैदान भरलं. दर वर्षी नुसते चहापुरते येणारेही आले होते. वरच्यांचे कॅप्टन होते दातांचे डॉक्टर, नवे कोरे बूट घालून. खालच्यांची कॅप्टन माझी आत्या, बाबाची मोठी बहीण. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे चढावर गाडी कशी घालायची हे आपल्याला कळतं, असं तिचं म्हणणं. बसचं आणि स्वतःच्या पायांचं इंजिन वेगळं, हे तिला पहिल्याच धावेत कळलं.

"छोट्या," ती बाबाला म्हणाली, "तू आज माझ्याविरुद्ध आहेस म्हणे?"

"ताई, कार्यक्रम आहे," बाबा पुटपुटला.

"असू दे. घरी आलास की जेवायला वाढेन. तेही माझी मंजुरी मिळाली तरच."

सुरुवातीला नुसती धमाल! चेंडू आपला आपणच खाली घरंगळत जायचा आणि वरचे त्याच्यामागे फिरायला निघाल्यासारखे जायचे. त्यांचे गोलावर गोल झाले. प्रत्येक गोलाला डॉक्टर हात हलवून लोकांना अभिवादन करायचे, जणू हे सगळं त्यांच्या घामाचं आहे. लोक हसत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि भुवयांनीच म्हणत होत्या, बघ, पोट धरून.

मग डॉक्टर आत्याच्या गोलाजवळ स्वतःच्याच नव्या बुटात अडकून आडवे झाले. आत्या चांगली चार हात लांब होती. बाबाने शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं.

"मी?" आत्या ओरडली. "मी हात तरी लावला का त्यांना? छोट्या, दिसलं नाही तुला?"

"नाही," बाबा म्हणाला. "दिसलं नाही."

"अहो, दुकान विकायला काढा!" कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळं मैदान खदखदलं. बाबाचे कान लाल झाले. त्याने खिशातून पिवळं कार्ड काढलं. आत्या कमरेवर हात ठेवून तयारच होती. पण बाबाने हात लांब केला, कार्ड उलटं फिरवलं आणि स्वतःच्याच नाकासमोर धरलं.

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातला विनोद. टाळ्या पडल्या. मी मात्र बाबाचा चेहरा ओळखते. हा विनोद नव्हता.

मध्यंतर जवळ आलं आणि खालच्यांनी चमत्कार केला. त्यांच्यातल्या पाववाल्याने चेंडू चढावर ढकलत ढकलत नेला, जशी काही पिठाची गोणीच. दोनदा चेंडू खाली आला, दोनदा तो परत खाली जाऊन घेऊन आला. शेवटी त्याने आत्याकडे दिला आणि आत्याने मारला त्या इवल्याशा गोलात. बरोब्बर आत! माणसं उभी राहिली. पाववाला गुडघ्यावर बसून श्वास शोधत होता.

सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टर हसले, नखं बघितली आणि म्हणाले, "नामंजूर."

हसू आलं नाही कुणाला. मी नीट ऐकलं. एवढ्या मोठ्या मैदानावर फक्त पाववाल्याची धाप ऐकू येत होती.

बाबाने शिट्टी वाजवली. "गोल नाही," तो म्हणाला, ठरल्याप्रमाणे, अगदी स्पष्ट. मग त्याने पिवळं कार्ड पुन्हा काढलं आणि स्वतःला दाखवलं. दुसरं पिवळं झालं म्हणून लाल काढलं. तेही स्वतःला दाखवलं. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि चालत चालत मैदानाच्या कठड्याबाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर काढलेल्या खेळाडूने मैदानात थांबायचं नसतं.

"बाबा!" मी कुजबुजले. "आता काय करू?"

तो ओढ्याकडे बघत राहिला. बाहेर काढलेल्या खेळाडूने रेफरीशी बोलायचंही नसतं.

शिट्टी ओली होती. वादविवादात जिंकलेली सगळी वाक्यं माझ्या डोक्यातून घरंगळून ओढ्यात गेली. पाववाला माझ्याकडे बघत होता आणि नियम माझेच होते. मी सुचवले होते, टाळ्या घेऊन. मी मध्यंतराची शिट्टी वाजवली. ती फार बारीक वाजली.

आणि कठड्यापाशी कुणीतरी म्हणालं, "बाजू बदला."

मग दुसऱ्याने. मग चहापुरत्या आलेल्या सगळ्यांनीच, "बाजू बदला! बाजू बदला!"

"नियमाप्रमाणे वरच्यांची मंजुरी लागेल," मी म्हणाले. "डॉक्टर, बदलायची का बाजू?"

आता डॉक्टर काही दुष्ट नाहीत. दात काढताना आधी माफी मागतात. पण ते म्हणाले, "आता कशाला? सगळं नीट चाललंय की. आम्हीही धावलोच ना?"

"धावलात? उतार धावला!" आत्या म्हणाली.

"तुम्ही सराव वाढवा, ताई. मेहनत लागते."

"मेहनत? या इकडे. या, जरा उभे राहून दाखवा इथे खाली!"

प्रेक्षकांतून डॉक्टरांची बायको ओरडली, "अहो, जा की! घरात जिना चढायला लावला तर केवढी कुरकुर करता!"

वरच्यांच्या संघातला टपालवाला गुपचूप पाण्याची बाटली उचलून खाली निघाला. त्याला दोघांनी धरलं, "तू गेलास तर आपलं काय?" तो म्हणाला, "आपलं म्हणजे कुणाचं रे?" आणि झालं! मैदानाच्या मधोमध दोन्ही संघ, प्रेक्षक, चहाचे कप, सगळं एक झालं. डॉक्टर सांगत होते की खऱ्या जगात इतकं वाईट नसतं. पाववाला सांगत होता की पिठाचा भाव कोण ठरवतं ते आधी विचारा. डॉक्टर म्हणाले, "पुरावा दाखवा, पुरावा!"

गर्दीतून वाट काढत अध्यक्ष काकू पुढे आल्या. काखेत गुंडाळलेले तक्ते. घेऊन आल्या होत्या, माझ्यावर विश्वास नव्हताच. त्यांनी ते मधल्या वर्तुळात गवतावर पसरले, चार कोपऱ्यांवर चार बूट ठेवले, आणि सगळी वस्ती गुडघ्यांवर बसून उंच आणि बुटके खांब बघायला लागली. एकही मान डोलत नव्हती. दोघंतिघं भांडतच होते. काकूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुसरा हाफ झालाच नाही. ओढ्यापलीकडे दिवे लागले तरी कुणी हलेना.

"अगं, वाचनालयाच्या फळ्यावर निकाल काय लिहू?" काकूंनी विचारलं.

"लिहा, मध्यंतर चालू आहे."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "पुढच्या वर्षी तक्ते मैदानातच आणते. दिवस तुमचा."

घरी जाताना मी बाबाला म्हणाले, "दुकान बंद पडलं तर मी जबाबदार."

"लाल कार्ड मिळालं की पुढची एक मॅच बाहेर बसावं लागतं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी लहान मुलांची मॅच आहे. शिट्टी तुझ्याकडेच ठेव."

सोमवारी दुकानात गर्दी होती. चष्मा एकालाही नको होता. सगळे विचारत होते की आत्या लांब होती ते खरंच दिसलं नव्हतं का. बाबा प्रत्येकाला खुर्चीत बसवून डोळे तपासत होता आणि म्हणत होता, "आधी तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

आणि रविवारी मी शिट्टी वाजवली, दुधाचे दात पडलेल्या बावीस पोरांमध्ये. बाजू बदलून, अगदी नियमाप्रमाणे. एका फाउलवर मी जरा घोटाळले, तेवढ्यात कठड्याबाहेरून ओळखीचा आवाज आला, "अहो रेफरी, दिसलं नाही का?"

मी वळले. "तुमचं दुकान उघडं असलं की येते हो, डोळे तपासायला!"

मग खिशातलं पिवळं कार्ड काढून त्याला दाखवलं. बाहेरून ओरडण्याबद्दल.