एकशे तीसची अट

आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना काही पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या गोळीनं, म्हणजे बीटा-ब्लॉकरनं, रक्तात आम्ल साठतं हे त्यांना सिद्ध करायचंय. त्यासाठी त्यांनी अट घातली: गोळी घेणारा असो वा न घेणारा, नाडी एकशे तीसवर पोचेपर्यंत प्रत्येकानं जागेवरची सायकल मारायची, आणि मध्येमध्ये रक्त तपासायचं.

"सर, गोळी घेणाऱ्याची नाडी तिथवर चढतच नाही," मी किती वेळा सांगितलं. "तो बिचारा मारतच राहणार. इतकं दमल्यावर आम्ल वाढणारच की!"

"सगळ्यांना एकच नियम. त्यालाच शास्त्र म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. त्यात गोळी घेणारी माणसं कमी पडली आणि तीच गोळी घेणारा माझा मामाच यायला तयार झाला. मामा शिंपी, जन्मभर पायानं मशीन चालवलेला. मी नको नको म्हटलं. पण ऐकेल तर तो मामा कसला!

आज तो सायकलवर बसला. नाडी एकशे चारवर गेली आणि तिथेच अडकली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. बोटातून घेतलेल्या रक्तात आम्ल चढत होतं, आणि सरांचा चेहरा खुलत होता.

"बघ, गोळीचा प्रताप!"

"गोळीचा नाही, तुमच्या अटीचा! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही."

"मध्ये बोलू नकोस. एकशे तीस होऊ दे."

मामाचे ओठ पांढरे पडले. "मामा, थांब!" मी ओरडले. त्यानं नुसती मान हलवली आणि पाय मारतच राहिला. शेवटी मी त्याला धरून खाली उतरवलं, खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी तपासून 'ठीक आहेत, नुसते दमलेत' म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. मग मात्र माझा तोल गेला.

"वेड लागलंय का तुला? थांबला का नाहीस?"

मामाला अजून धाप लागली होती. "अगं, परवा कुणी ऐकत नाही म्हणून तू भरल्या ताटावरून उठलीस. म्हटलं, एकशे तीस होतच नाही, हे मीच दाखवतो. आता तरी ऐकतील ना?"

मी सरांकडे पाहिलं. ते आम्लाचा आकडा लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पुढच्याला बसवा."

दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. मी उठले आणि त्यांच्या आधी सायकलवर चढून बसले.

"अट बदला सर," मी म्हटलं. "तोवर मी खाली उतरत नाही."