रविवारी चालतं

लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या त्या तीन इवल्या कमानी... पुन्हा फिक्या झाल्या. आधी वरची, मग मधली, आणि शेवटी खालचा ठिपका तेवढा उरला. हिल्काने चष्मा पुसला, जणू दोष काचेचाच होता. साडेअकरा. एक वाजता पालिकेच्या रीक्काबाई याच पडद्यावर येणार, स्वयंपाकघर दाखवा म्हणणार, चूल कशी पेटवता, गोळ्या कुठे ठेवता ते विचारणार, आणि हिल्का या घरात एकटी राहू शकते की नाही ते ठरवणार. मार्चमध्ये ती अंगणातल्या बर्फावर घसरली तेव्हापासूनचं हे. मागच्या दोन्ही वेळा अर्ध्या वाक्यात सगळं गोठलं होतं – तोंड उघडं, डोळे मिटलेले, असला आपला चेहरा त्या बाईंनी किती वेळ पाहिला असेल – आणि मग टपालाने कागद आला : ‘प्रश्नांना उत्तर देत नाहीत.’ देत नाहीत! दहा मिनिटं बोलत होती ती, मेलेल्या पडद्याशी.

फोन वाजला. ऊलूहून लेक, तुइया.

“आई, बंद करून परत चालू केलंस का?”

“सकाळपासून सहा वेळा. आता तेच मला बंद करेल.”

“मग आजचं राहू दे, मी कळवते त्यांना. नाहीतरी इकडे राहायला आलीस तर –”

“तुझ्या चौथ्या मजल्यावर? अंगणात जायला लिफ्ट?”

“हट्टी आहेस नुसती! रविवारी तर कसं छान चालतं गं. तासभर बोलतो आपण.”

रविवारी...

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. मग लॅपटॉप तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून घरभर फिरली. पुढच्या खोलीत, इंटरनेटच्या डब्याशेजारी, तिन्ही कमानी ठळक. स्वयंपाकघरात नुसता ठिपका. मध्ये काय, तर न्हाणीघर आणि त्याला लागून सौना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. शनिवारी सौना तापते. नंतर लाकूड वाळावं म्हणून न्हाणीघराची दोन्ही दारं, पुढच्या खोलीकडचं आणि स्वयंपाकघराकडचं, रविवारभर सताड उघडी असतात, आणि सोमवारी सकाळी ती न चुकता लावून घेते, कारण नवऱ्याची, ओइवाची तशी शिस्त होती, आणि ओइवा जाऊन चार वर्षं झाली तरी...

चंदेरी कागद! ओठांत खिळे धरून गुडघ्यांवर बसलेला ओइवा, आणि पाच महिन्यांची पोटुशी ती, सौनाची ऊब आत राहावी म्हणून तो ॲल्युमिनियमचा कागद भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत ताणून धरणारी. “ताण अजून, सुरकुती नको.” सौना झाली, गुंडाळी उरली, म्हणून त्याने न्हाणीघरालाही तोच लावला – “आता इथून काहीही बाहेर जाणार नाही.” फळ्या ठोकायच्या आधी त्या कागदात तिला स्वतःचा चेहरा दिसला होता, धूसर, हसरा. म्हणजे पन्नास वर्षं ती चंदेरी भिंत घराच्या मधोमध उभी आहे, आणि पुढच्या खोलीतून निघालेलं सगळं तिच्यावर आपटून मागे फिरतं आहे.

तिने दोन्ही दारं उघडली. गार, धुरकट वास आला. स्वयंपाकघरात एक कमान... दोन... तीन. एक दार लावलं : गेल्या. उघडलं : आल्या. तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं, शिसपेन दाबून.

आणि मग तिला राग आला. चार वर्षं ती ओइवाशी हळुवारच बोलत आली होती, कबरीवर मेणबत्ती लावताना, रात्री दिवा मालवताना. “घर बांधलंस की डबा?” ती मोठ्याने म्हणाली. दूर तुर्कू शहरातल्या शाळेतून शिकवायला या म्हणून पत्र आलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, इथे काय कमी आहे तुला... आणि तिने ते पत्र चुलीत घातलं होतं. स्वतःच्या हाताने. त्याने नव्हे. हेही आजच आठवावं!

एक वाजला. रीक्काबाईंचा चेहरा स्वच्छ उमटला, कपाळावरच्या आठ्यांसकट.

“ऐकू येतंय ना हिल्काताई?”

“येतंय. आज तुम्हीही ऐका, पूर्ण.”

गाल तापले होते. कागदावर काय येईल ते तिला माहीत नव्हतं. इतके दिवस तिला वाटायचं, हे घर सोडायचं नाही ते ओइवाच्या आठवणीसाठी. पण त्याच्याशी भांडायचं अजून कितीतरी राहिलं होतं, आणि ते भांडण दुसऱ्या कुठल्याही घरात झालंच नसतं.