काचेखालची दांडी

मी एक जुनी लोखंडी दांडी आहे. मित्रांनो, एवढे वाचून पान उलटू नका. पावसात गाडीच्या काचेवर दोन वायपर नाचताना तुम्ही पाहिले असतील. ते काही आपणहून नाचत नाहीत. काचेखाली, एका झाकणाआड छोटी मोटर फिरते आणि तिचे फिरणे वायपरपर्यंत मी पोहोचवते. नावात दांडी असली, तरी कामाला मी सहसा दांडी मारत नाही. एकदाच मारली, आणि तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कारखान्यात एका यंत्राने मला दणका देऊन आकार दिला. माझ्या टोकाला प्लॅस्टिकची एक छोटी वाटी बसवली. तिला बुश म्हणतात. मोटरच्या हातावर एक लोखंडी गोळी असते, ती या वाटीत बसते. वाटी धड असेल तर माझा आणि मोटरचा संसार सुखाचा, नाहीतर रोजची खटखट.

मला जे पहिले मालक मिळाले, त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. ते पावसाळ्याआधी झाकण काढून माझ्या वाटीला बोटाने ग्रीस लावत. आई दारातून म्हणायची, "गाडीचे एवढे लाड! माझ्या शिलाई मशीनला कधी थेंबभर तेल घातलंत का?" मला मात्र ते लाड फार आवडत.

बाबा गेले आणि गाडी मुलांच्या हाती आली. थोरली ताई शांत होती. धाकट्याला ती 'तुफान' म्हणायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्याची तऱ्हा. घर आले की वायपर चालू असतानाच तो किल्ली फिरवून गाडी बंद करायचा. वायपर काचेच्या मधोमध अवघडून उभे राहायचे. ग्रीसचे नाव कुणी काढले नाही. माझी वाटी झिजू लागली, मी खटखट आवाज करून सांगू लागले. तुफानने रेडिओ मोठा केला.

इकडे आईच्या डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा पांढरा पडत गेला. समोरचा माणूस तिला आवाजावरून ओळखावा लागे. कुणी मरणोत्तर नेत्रदान केले, तरच तिला पुन्हा दिसणार होते. तिचा नंबर लागायची सगळे वाट पाहत होते.

एका सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. डोळा मिळाला होता. दुपारपर्यंत या, नाही जमले तर पुढच्या पेशंटला बोलवावे लागेल, असे त्यांनी सांगितले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर पाणी भरल्यामुळे बसगाड्या बंद होत्या. तिघे गाडीत बसले; चालवायला तुफान.

डोंगराच्या वळणांवर पाऊस आणखी वाढला. मी जीव खाऊन वायपर ओढत होते. मागच्या सीटवरून आई अचानक म्हणाली, "अरे, तो आवाज बदललाय बघ."

"कसला आवाज, आई? तू शांत बस बरं," तुफान म्हणाला.

पुढच्याच वळणावर माझी वाटी फुटली. मोटरच्या हातावरून मी निसटले आणि वायपर काचेच्या मध्यावर थबकले. क्षणात समोरचे सगळे दिसेनासे झाले. समोरून एक ट्रक येत होता. त्याचे दिवे काचेवर नुसते पसरलेले दिसत होते. ताईने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि ओरडली, "डावीकडे घे! आणखी! थांब!" चाके खडीवर घसरली आणि गाडी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली येऊन थांबली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. माझ्यामुळे ही तीन माणसे गेली असती, या विचाराने मी हादरून गेले.

तुफानने किल्ली काढली, पाना घेतला आणि दोन्ही वायपर उतरवले, कारण त्याशिवाय झाकण निघत नाही. फुटलेली वाटी पाहून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. ताईने हातपाय गाळले नाहीत. तिने आपल्या पर्सचा चामडी पट्टा कापला. त्या चामड्याची जाड पट्टी गोळीभोवती गुंडाळून तिने माझे टोक त्यावर दाबले आणि वरून डिकीतल्या तारेने करकचून बांधले. तुफानने झाकण लावले, वायपर काचेच्या तळाशी अगदी छान आडवे ठेवले आणि घाईघाईने नट आवळले.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचे होते की थांबा! वायपर तळाशी निजवले होते, पण मध्येच किल्ली काढल्यामुळे मोटर अजून अर्ध्या वाटेतच उभी होती. पण दांडीला तोंड नसते.

त्याने किल्ली फिरवली. वायपर अर्धवट वर गेले, मग खाली आले आणि खाली येतच राहिले. काच संपली, तरी थांबेनात. धाडकन ते बॉनेटवर आपटले. माझ्या पाठीत कळ गेली. 'मोडेन पण वाकणार नाही' असे म्हणणारे थोर असतात. मी मात्र वाकले, म्हणून मोडले नाही.

तुफानने किल्ली बंद केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकले. "संपलं सगळं. आता नाही पोचत आपण. माझ्यामुळेच झालं हे."

"आपला नंबर गेला तर गेला रे," आई म्हणाली. "पण कुणाच्या तरी घरात आज रडारड चाललीय, आणि तशातही त्यांनी डोळा दिलाय. आपण इथं असं बसून राहायचं का?" मग तिने पुढे वाकून विचारले, "का रे, तू वायपर किल्लीनंच बंद करतोस ना?"

"हो. मग?"

"तुमचे बाबा असं करायचे नाहीत. मी दारात छत्री धरून उभी, आणि हे आपले आत बसून! आधी वायपरचं बटण बंद करायचे, ते दोघं खाली निजेपर्यंत वाट बघायचे आणि मगच किल्ली काढायचे. मला इतका राग यायचा!"

ताई आणि तुफानने एकमेकांकडे पाहिले. ताईने पाना उचलला आणि वायपर पुन्हा उतरवले. तुफानने किल्ली चालू केली आणि वायपरचे बटण बंद केले. मोटर हलकेच फिरली, आपल्या ठरलेल्या जागी आली आणि आपली आपण थांबली. इतका वेळ अवघडलेले माझे अंग सैल झाले. आता ताईने वायपर आडवे बसवून नट आवळले.

"लाव," ती म्हणाली.

वायपर वर गेले, खाली आले आणि काचेच्या काठाशी वळले. वाकल्या पाठीने मी ओढत राहिले. चामडे करकरत होते, तार तापत होती. प्रत्येक फेरीला वाटे, ही शेवटची. ताईचा हात वाटभर आईच्या हातात होता. पाणी तुंबलेल्या एका चौकात मी क्षणभर अडले. पण मी सुटले नाही. दवाखान्याच्या दारात परिचारिका घड्याळाकडे पाहत उभी होती. तिने आईला चाकांच्या खुर्चीत बसवले आणि जवळजवळ धावतच आत नेले. तुफानने बटण बंद केले, वायपर निजेपर्यंत थांबला आणि मग किल्ली काढली.

डोळ्यावर बसवलेला नवा पडदा लगेच काम करत नाही. बरेच आठवडे गेले. दरम्यान मेकॅनिकने माझी पाठ सरळ करून मला नवी वाटी बसवली. एका तपासणीहून परतताना लख्ख ऊन होते. आई पुढच्या सीटवर बसली होती. ती बराच वेळ समोर बघत राहिली आणि मग म्हणाली, "शी! केवढी घाण ठेवलीय रे ही काच!"

तुफानने गाडी कडेला घेतली. मागे ताई हसता हसता रडायला लागली. त्याने काचेवर पाणी सोडले आणि बटण दाबले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी राबले नसेन.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू कुरकुरत असेल. तिचे म्हणणे उद्यावर टाकू नका. तिच्या भरवशावर कोण, कुठे आणि कशासाठी निघणार आहे, हे त्या सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसते.