घसरणारा क्वार्टरबॅक आणि मी, त्याचा टोप

माझ्यावर एकही तारा नाही, मित्रांनो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी टेक्सासमधल्या एका कापूसगावातल्या शाळेचा जुना लाल टोप आहे. हाताने चेंडू फेकायचा आणि एकमेकांना पाडायचं असा जो फुटबॉल, त्यात डोक्यावर घालतात तो.

साच्यातून निघालो, आत गाद्या बसल्या, तोंडासमोर जाळी आली आणि मी कामाला लागलो. आमच्या शाळेत एक रीत होती. शुक्रवारच्या सामन्यात जो गडी धडक मारून समोरच्याला आडवा करील, त्याच्या टोपावर कोच टीग स्वतः पांढरा तारा चिकटवायचे. फळीवरचे माझे शेजारी ताऱ्यांनी भरले होते.

मला सोळा वर्षांचा कोल्टर घालायचा. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. फेकायला वाट नसली की चेंडू घेऊन पळायचा. पळताना पाय पुढे टाकून घसरला, तर नियमाने त्याला कुणी धडक मारू शकत नाही. पण चेंडू तिथेच थांबतो. कोल्टर घसरायचा नाही. मान खाली घालून मलाच पुढे करायचा. सप्टेंबरात अशा एका धडकेनंतर तो उठला आणि विरुद्ध संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. त्याचे वडील रॉइस हसले नाहीत.

मेंदूला मार बसलाय म्हणून डॉक्टरांनी त्याला बरेच दिवस घरी बसवलं. परत खेळायची परवानगी मिळाली, तेव्हा रॉइसनी अंगणात कापूस झाकायची ताडपत्री पसरली आणि तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं.

"टोप घाल. घसर."

"बाबा, घसरतो तो भित्रा. कोच म्हणतात."

"कोच येणार आहे का माझ्यासमोर जेवायला बसायला? तुझी आई गेल्यापासून या घरात दोनच ताटं लागतात. मला एकच मांडायला लावू नकोस."

कोल्टरने मला डोक्यावर चढवलं. मग रॉइसनी स्वतः घसरून दाखवलं आणि ते थेट कुंपणाला जाऊन भिडले.

"म्हातारा बैल गोठ्यात शिरला," कोल्टर म्हणाला.

"हस. पण बघ. एक पाय दुमडायचा, कुल्ल्यावर बसायचं, हनुवटी छातीशी, चेंडू पोटाशी. हात टेकलास तर मनगट जाईल. आणि लवकर. समोरचा अंगावर आल्यावर घसरलास, तर मेलास."

कडेची रेघ जवळ असेल तर सरळ बाहेर पळ, हेही त्यांनी घोकून घेतलं. आठवडाभर माझ्या जाळीत साबणाचा फेस होता.

पुढच्या शुक्रवारी शेवटच्या मिनिटाला आम्ही मागे होतो. कोल्टर चेंडू घेऊन पळाला. गाठायची रेघ हातभर उरली होती आणि समोरून एक दांडगा गडी सुसाट येत होता. कडेवरून कोच ओरडत होते, "मान घाल! घुस!"

कोल्टर घसरला. तो दांडगा आमच्यावरून उडून पलीकडे पडला. चेंडू रेघेच्या अलीकडे राहिला आणि सामना गेला.

"बाळाला घसरगुंडीवर न्या रे," कुणीतरी वरच्या बाकावरून म्हणालं.

कोच लाल होऊन आले. "हातभर! हातभर राहिलं होतं. तुझ्या टोपाला तारा मिळायचा नाही, पोरा."

कोल्टरने मला काढून काखेत धरलं. "नको, कोच टीग. मला आज तुमचं नाव आठवतंय. सप्टेंबरात आठवत नव्हतं."

कठड्याशी उभे असलेले रॉइस दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. सगळ्या मैदानात एकटेच.

आता माझी मुदत संपली आहे. लवकरच मला मोडीत टाकतील, खुशाल टाकू देत. पण मित्रांनो, एक ऐकून ठेवा. मी कवटी सांभाळतो. तिच्या आत मेंदू आपटतो, तिथे माझा हात पोहोचत नाही. माझ्या भरवशावर डोकं पुढे करू नका. भित्रा म्हणणाऱ्याला म्हणू द्या. त्याला दुसऱ्याचं डोकं फुकट मिळालेलं असतं. तुमचं तुम्हाला जन्मभर वापरायचं आहे.