अर्ध्या पोटाचे पैसे

मित्रांनो, मला एकच डोळा आहे, आणि तोही स्वतःच्या मर्जीने फिरत नाही. डॉक्टर तो हातात धरून माणसाच्या अंगावर जिथे टेकवतील, तिथलेच आतले मला दिसते. मी सोनोग्राफीचे एक जुने यंत्र आहे. माझे एक चाक कुरकुरते, दोन बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळट डाग पडला आहे. तरी अजून मी कामचुकारपणा करत नाही.

कारखान्यातून निघाल्यावर मी थेट एका बड्या इस्पितळात पोहोचलो. माझी किंमत ऐकून हमालांनी जिना चढताना श्वाससुद्धा जपून घेतला होता. तिथे माझे फार कौतुक झाले. लाल फीत कापली, फोटो काढले. न जन्मलेल्या बाळाचे धडधडणारे हृदय मी पडद्यावर दाखवत असे आणि आया हसता हसता रडत. मग एक दिवस माझ्याहून सडपातळ, चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी जुन्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. अंगावर चादर टाकायचेही कोणाला सुचले नाही.

तिथून मला एका तरुण डॉक्टरांनी कर्ज काढून विकत घेतले. औषधांच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेर बाक, एक काउंटर, आणि आत मी. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि माझा हप्ता, सगळे माझ्याच कमाईतून भागायचे. भिंतीवर दरांचा फलक लागला: वरचे पोट, खालचे पोट, पूर्ण पोट. जेवढ्याचे पैसे, तेवढीच तपासणी. सरकारी दवाखान्यात हेच काम फुकट होते, पण तिथे तारीख मिळते ती कित्येक महिन्यांनंतरची. ज्याला दुखणे थांबू देत नाही, तो पाकीट चाचपत आमचा जिना चढतो.

मधले दार उघडेच असते, त्यामुळे जिन्यापासून काउंटरपर्यंतचे सगळे मला कळते, घासाघीससुद्धा. एका आजोबांनी तर हद्दच केली होती. "डावीकडचाच मुतखडा बघा. उजवी बाजू ठणठणीत आहे, तिचे पैसे कशाला?" बाकावरचे सगळे हसले. मलाही तेव्हा गंमत वाटली. आता वाटत नाही.

एके सकाळी कपडे शिवणारी एक बाई तिच्या सासूला घेऊन आली. दुखत होते सुनेला, पण जिन्यावर आधार तीच सासूला देत होती. सासूच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे हवेतच विरायचे.

"अगं, आलोच आहोत तर पूर्ण पोट बघून घे," सासू म्हणाली.

"दुखतं वर, मग खालचं कशाला बघायचं? वरचंच द्या हो बाई," सून काउंटरवरच्या बाईंना म्हणाली. हाताने मापून कापड मागावे, तसे तिने पोट मागितले. "आणि आई, उरलेल्या पैशांत तुमची कवळी होईल. किती दिवस सगळं भिजवून खाणार?"

"माझ्या दातांचं काय घेऊन बसलीस! चुलीत गेले ते दात."

"चुलीत गेले म्हणूनच नवे आणायचेत ना!"

दोघी हसत होत्या. मग सून आत येऊन आडवी झाली. डॉक्टरांनी तिच्या पोटावर थंड जेल लावले आणि मी बघू लागलो. यकृत, पित्ताशय, दोन्ही मूत्रपिंडे. सगळे जागच्या जागी आणि निरोगी.

"भूक लागते का?" डॉक्टरांनी विचारले.

"दोन घासांत पोट भरतं. आणि सारखं फुगल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांचा हात बेंबीपाशी थबकला. "मग खालचंही बघितलेलं बरं."

"पुढच्या वेळी बघू, डॉक्टर."

बाहेर बाक भरला होता. डॉक्टर काही दुष्ट नव्हते. पण एकीचे फुकट बघितले की सगळे तेच मागणार, आणि हप्ता कोणी माफ करणार नव्हते. त्यांनी माझा डोळा पुसून खुंटीला अडकवला. फक्त तळहातभर खाली यायचे होते, मित्रांनो. मी काही करू शकलो नाही.

रिपोर्टवर स्पष्ट लिहिले होते: वरचे पोट, दोष आढळला नाही. सुनेने सासूला वाचून दाखवले ते फक्त शेवटचे तीन शब्द. म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला.

"मग सरकारी दवाखान्यात पुढची तारीख मिळालीय, तिचं काय करायचं?" तिने विचारले.

"सोडून देऊ. ज्याला खरंच काही झालंय, त्याला मिळू दे तो नंबर."

आणि तिने तो खरोखरच सोडला, हे मला नंतर कळले. पोट फुगले की ती पित्ताच्या गोळ्या घ्यायची आणि पुन्हा शिवणाला बसायची. रिपोर्ट चांगला आला होता ना! काळजी करायचे काही कारणच उरले नव्हते.

काही महिन्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या, तेव्हा आधार सासूने दिला होता. सुनेचे हातपाय काड्यांसारखे झाले होते आणि पोट तेवढे वर आले होते. काउंटरवरच्या बाईंनी दर विचारायच्या आतच सासूने सांगितले, "पूर्ण पोट." आता तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. तोंडात नवी कवळी होती.

या वेळी माझा डोळा बेंबीच्या खाली उतरला. अंडाशयाजवळ मोठी गाठ होती आणि पोटभर पाणी साठले होते. अशी गाठ आठवड्याभरात उगवत नाही, हे मला कळत होते. डॉक्टरांनाही कळत होते. त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

"मधे कुठे दाखवलं नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, काही दोष नाही," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. उलट डॉक्टरांचा चेहरा उतरलेला बघून तिलाच वाईट वाटले असावे.

डॉक्टर बाहेर गेले. "यांचे पैसे घेऊ नका," ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले.

"का नाही?" सासूने पदराची गाठ सोडली. "पूर्ण पोटाचे घ्या. मागच्या वेळी अर्धे दिले, तर तुम्ही अर्धंच बघितलंत. आज पूर्ण बघितलंय ना? मग आज पूर्ण घ्या."

कोणाचाच हात पुढे झाला नाही. नोटा काउंटरवर ठेवून ती सुनेला धरून जिना उतरू लागली. ती सून पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. ती गेली, हे खालच्या दुकानदाराकडून कळले.

मित्रांनो, तुम्ही मला जपावे, पुसावे, असे माझे काही मागणे नाही. माझी जागा घ्यायला नवे यंत्र येईलच, आणि त्याचाही हप्ता कोणाच्या तरी दुखण्यातूनच फिटेल. पण तुमच्या घरातले कोणी तपासणी करून आले आणि "काही निघालं नाही" असे म्हणाले, तर त्यांना जवळ बसवून विचारा: काय काय बघितलं? आणि काय बघायचं राहिलं? एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.